गणपतीतलं बालनाट्य आणि पिंपातला चावो

ए-१०२: नमस्कार. काल हॉलमध्ये मुलांची तालीम पाहिली. सगळं नाटक म्हणजे थोबाडीत मारणं नाहीतर धपकन पडणं. बाप्पासमोर हे बरं दिसत नाही. विषय बदलावा ही विनंती.

सी-७०१: सहमत 🙏

बी-३०३: काका, विषय मी दिलाय, म्हणून मीच सांगते. मेसेज मोठा आहे, पण वाचा.
आम्ही मेक्सिकोत होतो तेव्हा शेजारच्या आजींकडे रोज संध्याकाळी 'एल चावो देल ओचो' ही विनोदी टीव्ही मालिका लागायची, आपलं नाटक त्यावरूनच आहे. ती लिहिणारा आणि त्यातला चावो नावाचा मुलगा करणारा एकच, रोबेर्तो गोमेस बोलान्योस. शिकायला गेला इंजिनिअरिंग, रमला जाहिराती लिहिण्यात, तिथून टीव्ही-सिनेमात. एका दिग्दर्शकाने त्याला लाडाने 'छोटा शेक्सपिअर' या अर्थाने चेस्पिरितो म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. १९२९ चा जन्म. चावो पहिल्यांदा टीव्हीवर आला तेव्हा याची चाळिशी उलटलेली आणि चावो ८ वर्षांचा!

ए-४०४: बालकलाकार नव्हते?

बी-३०३: नाही वहिनी, सगळे मोठेच. आणि जागा कुठली, तर मधे अंगण, भोवती बिऱ्हाडं. हुबेहूब गिरगावातली चाळ. भाडेकरू डॉन रामोनचं १४ महिन्यांचं भाडं थकलेलं. मालक सेन्योर बारिगा वसुलीला दारातून आत आले की चावोच्या हातून त्यांना काहीतरी लागणारच. चावो अनाथ, अंगणातल्या पिंपात लपून बसणारा, कायम भुकेला, हॅमच्या सँडविचचं नाव काढलं तरी उड्या मारणारा.
काका, थप्पड कोणाला बसते ते बघा. चाळीतला दुसरा मुलगा कीको रडत आईकडे जातो आणि आई काही न विचारता डॉन रामोनच्या गालावर ठेवून देते. माझा लेक तेव्हा ६ वर्षांचा. खो खो हसायचा आणि मग म्हणायचा, "आई, पण त्यांनी काहीच केलं नव्हतं." म्हणून मला हे नाटक मुलांनी करायला हवंय.

डी-६०१: आमच्या ब्राझीलच्या टीमचे लोक 'शावेस' म्हणतात ते हेच का?

बी-३०३: हेच! १९८४ पासून तिथे पोर्तुगीज डबिंगमध्ये.

सी-७०१: मंडळी शेवटपर्यंत एकत्र होती का?

बी-३०३: नाही ना. कीको करणारा कार्लोस विय्याग्रान १९७८ ला बाहेर पडला, पुढे डॉन रामोन करणारा रामोन वाल्देसही बाहेर पडला. पात्रांच्या हक्कांवरून भांडणं झाली, ते मला अजूनही लागतं. बोलान्योस मात्र १९९२ पर्यंत चावो करत राहिला, साठी उलटली तरी. २०१४ च्या नोव्हेंबरात गेला तेव्हा निरोपाला मेक्सिको सिटीच्या आस्तेका स्टेडियममध्ये लोक जमले होते.
१९७७ चे आकापुल्कोचे भाग मिळाले तर पोरांना दाखवा. सगळी चाळ समुद्रावर सुट्टीला जाते, चावो एकटा मागे राहतो. त्याला सोबत कोण नेतं? रोज त्याच्या हातचा मार खाणारे सेन्योर बारिगा.

ए-१०२: हे माहीत नव्हतं. पण ताई, मुलांना खरंच लागलं तर?

बी-३०३: हात गालापासून वीतभर लांब थांबतो काका. आवाज विंगेतला मुलगा टाळीने काढतो, मार खाणारा त्याच क्षणी मान वळवतो. पडायच्या जागी गादी आहे. दोन आठवडे फक्त एवढंच घोटलंय.
आणि चावो घाबरला की जागच्या जागी आखडतो, तोंडावर पाणी मारल्यावरच मोकळा होतो. ते तुमचा नातू करतोय. काल बोटंसुद्धा हलू दिली नाहीत त्याने.

सचिव: स्टेजवर पाणी नको प्लीज, खालून वायरी आहेत.

बी-३०३: बादलीत चुरमुरे भरू, चालेल?

सचिव: चालेल 👍

ए-१०२: ताई, पिंप कुठलं घेताय? आमच्या गच्चीत एक निळं रिकामं पडलंय. आतून घासून रविवारी तालमीला पाठवतो. कडेला एक धार आहे, त्यावर पट्टी लावून देतो.