साठ टनांच्या आत म्हणजे बिनधोक? (अमोनिया, क्लोरीन आणि नियमातला आकडा)

गोदाकाठचा

मागच्या द्राक्षहंगामातली गोष्ट. पिंपळगाव बसवंतजवळ मेहुण्याकडे मुक्कामाला होतो. रात्री साडेदहाच्या सुमारास डोळे चुरचुरायला लागले, पोरं खोकायला लागली. शेजारी एक शीतगृह आहे, वास तिथूनच येत होता. कुणी म्हणे गच्चीवर चला, कुणी म्हणे दारं लावा. शेवटी ओले टॉवेल तोंडाला धरून वाऱ्याला आडवे चालत रस्त्यावर गेलो. पंधरा-वीस मिनिटांत वास विरला. वॉचमन म्हणाला, "काही नाही, रिसीव्हरमधून, म्हणजे अमोनियाच्या टाकीतून, तेल काढत होते."

शीतगृहात थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. सकाळी मॅनेजरला विचारलं, अमोनिया किती असतो तुमच्याकडे? "अडीच टन. साठच्या आत आहे, आपल्याला ते नियम लागत नाहीत."

मग नियम वाचायला घेतले. घातक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यांबद्दलचे हे नियम १९८९ चे, म्हणजे भोपाळनंतरचे. साठवणीच्या यादीत प्रत्येक रसायनापुढे दोन आकडे आहेत. अमोनियाचे ६० टन आणि ६०० टन. पहिला ओलांडला की सरकारला कळवणं, आपत्कालीन आराखडा करणं आणि आजूबाजूच्या लोकांना माहिती देणं बंधनकारक. दुसरा ओलांडला की सविस्तर सुरक्षा अहवाल. क्लोरीनला हेच आकडे १० आणि २५ टन. फॉस्जीन या विषारी वायूला दोन्हीकडे ७५० किलो, मिथाइल आयसोसायनेटला १५० किलो.

आणखी एक मेख आहे. पाचशे मीटरच्या आतले साठे एकत्र मोजायचे असं त्यात लिहिलंय, पण मालक एकच असेल तर. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी पट्ट्यात शेड शेजारी शेड, मालक वेगळे. प्रत्येकाची बेरीज वेगळी. वारा मात्र सातबारा बघून वाहत नाही.

माझं म्हणणं, शेजारच्यांचे साठे एकत्र मोजा आणि आकडा खाली आणा.

जुना_सेफ्टीवाला

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं याच कामात काढली, म्हणून स्पष्ट बोलतो. रागावू नका. आकडा कुठेतरी ठेवावाच लागतो. नाहीतर बर्फाच्या गाडीवाल्यालाही सुरक्षा अहवाल मागाल. जिल्ह्यात निरीक्षक किती असतात हे कधी पाहिलंय? आज ज्यांच्याकडे खरा मोठा साठा आहे तिथे तो वर्षातून एकदा जातो. उद्या दोनशे शीतगृहं त्याच्या यादीत घातलीत तर तो कुठेच नीट जाणार नाही, सगळीकडे सही करून येईल.

दुसरं, आकडा खाली आणला की लोक साठा कमी करतात. ऐकायला छान. पण माल तेवढाच लागतो. मग महिन्याला दोन टँकर यायचे ते आठ येतात. आपल्या मुंबई-आग्रा रस्त्यावर, उड्डाणपुलाखालून, शाळा सुटायच्या वेळेला. धोका कुंपणाच्या आतून काढून रस्त्यावर ठेवला, एवढंच.

आणि विशाखापट्टणम विसरू नका. मे २०२०. स्टायरीनची टाकी केवढी मोठी होती, तिथे काय कमी कागद होते? लॉकडाऊनमध्ये टाकी पडून राहिली, तापमान चढलं, प्रक्रिया आतल्या आत सुरू झाली. वायू बाहेर पडून बारा माणसं गेली. आकड्याने काही वाचवलं नाही.

टवाळ_तात्या

अकरा टनर = ९.९ टन. म्हणजे पाणी शुद्धीकरणाच्या शेडमध्ये क्लोरीनचे नऊशे किलोवाले टनर (मोठे सिलिंडर) अकरापर्यंत आडवे टाकले तर नियम झोपलेला. बारावा आला की खडबडून जागा. खरेदीवाल्याला पाढे पाठ असले की झालं!

बागाईतदार_निफाड

झालं का सुरू? द्राक्ष आमचं, कर्ज आमचं, आणि नियम काढणार नाशिकमधल्या सोसायटीत बसून. मार्चमध्ये कंटेनर दारात उभा असतो, माल प्रीकूलिंगला नाही लागला तर दोन दिवसांत देठ वाळतो, तिकडचा खरेदीदार भाव पाडतो. त्यात अजून एक ना-हरकत, अजून एक ऑडिट, अजून एक "साहेबांचं बघा". आमच्या गटाचा अमोनिया दोन टनसुद्धा नाही. भोपाळच्या पंक्तीला आम्हाला बसवू नका. तिथे एका टाकीत चाळीस टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट होतं.

गोदाकाठचा

@बागाईतदार भाऊ, तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण भोपाळचाच धडा बघा. युरोपात त्या वायूसाठी आधी मर्यादा १ टन होती. १९८७ मध्ये ती १५० किलोवर आणली, फॉस्जीनची २० टनांवरून ७५० किलोवर. म्हणजे आकडा दगडावरची रेघ नाही. माणसं मेल्यावर हलतो, आधी का हलू नये? अमेरिकेत अमोनियाची मर्यादा १०,००० पौंड, म्हणजे साधारण साडेचार टन. आपली ६० टन.

बागाईतदार_निफाड

अमेरिकेचं अर्धंच सांगितलंत. तिथे शेतकऱ्याने खत म्हणून ठेवलेल्या अमोनियाला त्या नियमातून सूट आहे. ते नाही सांगितलं ते!

फळा_आणि_खडू

रसायनशास्त्र शिकवते, म्हणून दोन शब्द. आकडा फक्त विषारीपणावरून ठरत नाही, हे इथे कुणी बोललं नाही. जिथून ताबडतोब पळायला हवं अशी हवेतली पातळी क्लोरीनसाठी १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) धरतात, अमोनियासाठी ३००. तीसपट फरक. पण नियमातल्या मर्यादांत फरक फक्त सहापट. कारण साठा कसा आहे, किती वेगाने वायू होतो, जमिनीलगत राहतो की वर जातो, हेही बघावं लागतं. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, खोलगट जागेत बसून राहतो. अमोनिया हलका, म्हणून लोक निर्धास्त. पण दाबाखालचा द्रव अमोनिया फुटून बाहेर आला की थंडगार धुकं होतं आणि ते सुरुवातीला जमिनीलगतच सरकतं. तुमच्या मेहुण्याकडे गच्चीवर जायचा सल्ला देणारा म्हणूनच पूर्ण चूकही नाही, पूर्ण बरोबरही नाही.

अजून एक. साठा दहापट झाला म्हणून ढग दहापट लांब जात नाही, ढोबळमानाने दोन-तीन पट जातो. याचीच उलट बाजू बघा. साठ टनांऐवजी सहा टन असले तर पल्ला एक दशांश होत नाही, तिसरा हिस्सा तरी उरतोच. त्यामुळे "आमचं थोडंच आहे" यात वाटतो तेवढा दिलासा नाही.

जुना_सेफ्टीवाला

बाईंचं बरोबर आहे, शिकलो काहीतरी. पण धागाकर्त्यांच्या मूळ मागणीत एक भोक आहे. एकत्र मोजा म्हणता ना? मोजू. एका शेडमध्ये अडीच टन, अशा सात शेड धरा. साडेसतरा टन. साठ कुठे झाले? तुमचा बेरजेचा नियम आणला तरी तुमच्या मेहुण्याला त्या रात्री काही कळलंच नसतं.

गोदाकाठचा

मान्य. हिशोबात फसलो. बेरीज करून भागत नाही.

रात्रभर विचार केला. मला नेमकं काय हवं होतं? सुरक्षा अहवाल नको होता. त्या रात्री मला तीनच गोष्टी कळायला हव्या होत्या: शेजारी काय आहे, वास आला तर कुठल्या दिशेला जायचं, फोन कुणाला करायचा. नियमात ही माहिती देण्याची जबाबदारी आराखड्याच्याच दावणीला बांधलीय, दोन्ही ६० टनांवर. ती तिथून सोडवा. अहवाल ६०० वर राहू दे, आराखडा ६० वर राहू दे. शेजाऱ्याला सांगण्याचा आकडा मात्र वेगळा हवा, एक टन म्हणा. त्याला निरीक्षक नको, ऑडिट नको. एक फलक, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, आणि हंगामाआधी आजूबाजूच्या घरांत एक चक्कर.

१९८९ मध्ये अंबडच्या भोवती शेतं होती, आज कुंपणाला लागून गॅलऱ्या आहेत. २०२७ च्या सिंहस्थात आणखी किती माणसं कुठे उतरतील, देव जाणे. टनाच्या आकड्याला शेजारी कोण राहतं ते दिसत नाही.

जुना_सेफ्टीवाला

याला माझा विरोध नाही. पण लिहून ठेवा, फलकसुद्धा कागदच होतो. आमच्याकडे कापडी पिशवी फाटून दोन वर्षं नुसती कडी लटकत होती, मॉकड्रिलच्या आदल्या दिवशी नवी लागली. तेल काढताना दुसरा माणूस हाताशी असला पाहिजे आणि व्हॉल्व्ह सोडून चहाला जायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. निम्म्या गळत्या तिथल्याच, असं माझं तरी मत.

टवाळ_तात्या

फलक लागला की पहिल्यांदा मंडळवाले वर्गणीला येणार. "दादा, एवढा मोठा गॅसचा कारखाना तुमचा!"

बागाईतदार_निफाड

तात्या, हसायला आलं पण खरं आहे ते. आणि नुसते वर्गणीवाले नाहीत, गावातला प्रत्येक पुढारी फलकाचा फोटो काढून फिरवणार.

तरी फलकापुरतं मी गटाच्या बैठकीत बोलून बघतो. बाकी एका टनाचं वगैरे मान्य नाही, लिहून घेऊ नका. फक्त एक सांगा, फोन नंबर कुणाचा टाकायचा? मॅनेजर रात्री मोबाइल बंद करून झोपतो.

जुना_सेफ्टीवाला

वॉचमनचा टाका. तेल कधी काढतात ते त्यालाच माहीत असतं.