ब्रिटन-अमेरिकेचा समाज अभ्यासायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

शिकाऊ_वाचक

इंग्रजी वाचताना आता शब्दांपाशी अडत नाही, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन बातमी वाचली की मुद्दाच निसटतो. हा मंत्री नेमका कुणाचा, न्यायालयाच्या निकालानंतर पुढे काय होणार, एवढा गदारोळ कशासाठी, हे कळत नाही. सणवार आणि राजे-राष्ट्राध्यक्षांच्या याद्या पाठ करून यात काही फरक पडत नाही. दोन्ही देश एकत्र घ्यावेत की एकापाठोपाठ? सिनेमा-मालिकांवर कितपत भिस्त ठेवावी?

तळटीप

एकापाठोपाठ घ्या, आधी ब्रिटन. याद्या बाजूला ठेवा आणि प्रत्येक बातमीला एकच प्रश्न विचारा: हा निर्णय कोण घेतं आणि तो कुठपर्यंत लागू होतो? मुद्दा निसटतो तो बहुतेक वेळा इथेच.

युनायटेड किंगडममध्ये (बातम्यांत त्यालाच ब्रिटन म्हणतात) इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार घटक आहेत. १९९९ पासून आरोग्य आणि शिक्षण हे विषय एडिंबरा (स्कॉटलंड), कार्डिफ (वेल्स) आणि बेलफास्ट (उत्तर आयर्लंड) इथल्या सरकारांकडे आहेत. म्हणजे लंडनचा आरोग्यमंत्री रुग्णालयांबद्दल घोषणा करतो तेव्हा ती इंग्लंडपुरती असते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवर इंग्लंडमध्ये दर औषधामागे ठरावीक शुल्क पडतं (बऱ्याच जणांना त्यातून सूट आहे), बाकी तिन्ही ठिकाणी काहीच पडत नाही. स्कॉटिश विद्यार्थ्याला स्कॉटलंडमध्ये पहिल्या पदवीसाठी स्वतः फी भरावी लागत नाही. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी कमाल मर्यादा वर्षाला ९,५३५ पौंड आहे. त्यामुळे ‘ब्रिटनमध्ये उच्च शिक्षण महाग आहे’ हे वाक्य वहीत लिहूच नका. बातमीच्या मथळ्यात ‘ब्रिटन’ असलं तरी तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात कुठल्या घटकाचं नाव येतं ते शोधा आणि नोंद त्या नावाखाली करा.

ब्रिटनमध्ये लंडनच्या संसदेने काही विषय घटकांकडे सोपवले, अमेरिकेत रचना उलटी आहे. संघराज्याचे अधिकार संविधानात मोजून दिलेत, उरलेले राज्यांचे किंवा लोकांचे (दहावी घटनादुरुस्ती, १७९१). शाळांचंच पाहा. बहुतेक पैसा राज्य आणि स्थानिक करांतून येतो, वॉशिंग्टनचा वाटा लहान असतो. स्थानिक वाटा मुख्यतः मालमत्ता कराचा, म्हणून शेजारशेजारच्या दोन गावांतल्या शाळांत मोठी तफावत पडू शकते. शाळा मंडळाच्या निवडणुकीवरून किंवा शाळांच्या हद्दी बदलण्यावरून लोक इतके का पेटतात, ते इथून समजतं.

उलटतपासणी

वरच्याला जोड म्हणून न्यायालयांचं. दोन्हीकडे ‘सुप्रीम कोर्ट’ आहे आणि शिकणारे दोघांना एकाच मापाने मोजतात. अमेरिकेचं न्यायालय काँग्रेसने (तिथल्या संसदेने) केलेला कायदा घटनाबाह्य ठरवू शकतं. ही परंपरा १८०३ च्या मारबरी विरुद्ध मॅडिसन निकालापासूनची. ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय २००९ मध्ये सुरू झालं आणि त्याला संसदेचा अधिनियम रद्द करता येत नाही. तो मानवी हक्कांशी विसंगत आहे असं जाहीर करता येतं, पण बदल करायचा की नाही ते संसद ठरवते. म्हणूनच अमेरिकेत न्यायाधीशाची नेमणूक हा राजकीय रणसंग्राम होतो आणि ब्रिटनमध्ये बहुतेकांना न्यायाधीशांची नावंही ठाऊक नसतात.

मूळ कागद वाचा, ते वाटतात तितके अवघड नाहीत. अमेरिकन निकालाच्या सुरुवातीला ‘सिलॅबस’ नावाचा सारांश असतो, तो आधी. मग बहुमताच्या मताची पहिली काही पानं. मग थेट विरोधी मत. मधलं सोडलं तरी चालेल. ब्रिटिश न्यायालय निकालासोबत वृत्तपत्रांसाठी छोटा सारांश देतं. १९९९ पासून ब्रिटनमध्ये सरकारने मांडलेल्या बहुतेक कायद्यांसोबत स्पष्टीकरणात्मक टिपणं छापली जातात. कायदा आधी कसा होता आणि आता काय बदललं ते त्यांत साध्या इंग्रजीत सांगितलेलं असतं. भाषा शिकणाऱ्यासाठी याहून चांगला मजकूर क्वचितच मिळेल, आणि तो फुकट आहे.

रविवार_पुरवणी

बातमी कुठून घेता यावरही बरंच अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये टीव्ही आणि रेडिओवर निःपक्षपातीपणाचं बंधन आहे, ऑफकॉम ही नियामक संस्था त्यावर नजर ठेवते. वर्तमानपत्रांना ते नाही, म्हणून उजवीकडे झुकलेला टेलिग्राफ आणि डावीकडे झुकलेला गार्डियन उघडपणे आपापल्या बाजूने लिहितात. अमेरिकेत वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू दाखवण्याचा प्रसारण-नियम १९८७ मध्ये काढून टाकला गेला, आणि केबल वाहिन्यांना तर तो कधी तसा लागूच नव्हता. तिथे टीव्हीवरची चर्चा हीच ‘अमेरिकन जनतेचं मत’ म्हणून धरू नका. एकच घटना दोन विरुद्ध बाजूंच्या पत्रांत वाचा आणि दोघांनीही दिलेल्या गोष्टी तेवढ्या अधोरेखित करा.

आकडेवारीतही एक सापळा आहे. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) आहात का हा प्रश्न वंशाच्या प्रश्नापासून वेगळा होता. वंशांच्या टक्केवारीत हिस्पॅनिकांची टक्केवारी मिळवली की बेरीज शंभराच्या वर जाते. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत धर्म विचारतात (उत्तर ऐच्छिक), अमेरिकेच्या जनगणनेत विचारतच नाहीत. तिथले धर्माचे आकडे सर्वेक्षणांचे असतात. दोन तक्ते शेजारी मांडण्याआधी प्रश्न काय होता ते पाहा.

शिकाऊ_वाचक

खूप उपयोग झाला. मालिकांचं राहिलं. आणि तुलना कधी करायची?

तळटीप

मालिका घ्या, पण समाजाचा पुरावा म्हणून नाही. नकार कसा देतात, माफी कशी मागतात, वरिष्ठाला नावाने हाक मारतात का, हे मालिकांतून छान कळतं. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग, उपशीर्षकांसह, दोनदा. शेजारी तीन गोष्टी लिहा: कुठला प्रदेश, कुठला सामाजिक वर्ग, कुठलं साल. वर्ग लिहायला विसरू नका. ब्रिटिश मालिकेत तो उच्चारातूनच सांगितलेला असतो आणि परक्या कानाला तो ऐकूच येत नाही.

तुलना एका वेळी एकाच विषयावर करा, दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचून झाल्यावर. आरोग्यापासून सुरू करा. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, मुख्यतः करांतून चालते. अमेरिकेत १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी विमा योजना आल्या. नोकरदारांपैकी बहुतेकांचा विमा मालकामार्फत असतो. पैसे कोण देतं, नोकरी गेली तर काय होतं, उपचारासाठी थांबावं कुणाला लागतं, या तीन प्रश्नांची उत्तरं दोन रकान्यांत लिहा. तिसरा प्रश्न सर्वांत शेवटी घ्या. त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही आणि दोन्ही देशांतले लोक त्यावर आपसांतच भांडतात.