मदत हवी आहे : ॲट्रॉसिटीची तक्रार, पण जातीचा दाखला नाही

नमस्कार मंडळी. माझ्या ओळखीच्या एक वारली ताई नॅशनल पार्कलगतच्या पाड्यावर राहतात आणि उपनगरातल्या एका सोसायटीत घरकाम करतात. एका घरातलं ब्रेसलेट सापडेना, तर संशय थेट त्यांच्यावर. गेटपाशी वॉचमन आणि इतर बायकांसमोर पिशवी रिकामी करायला लावली. डबा, ओढणी, रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं फरशीवर. जातीवरून शिव्या दिल्या, थोबाडीतही मारली. ब्रेसलेट नंतर त्याच घरात सोफ्यामागे मिळालं. माफी कुणी मागितली नाही, उलट काम गेलं.

पोलीस ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली. 'आधी दाखला आणा' म्हणाले. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्यात एफआयआरआधी प्राथमिक चौकशी लागत नाही, एवढं मला ठाऊक आहे. पण दाखल्याचं काय? त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आज्याला शाळाच दिसली नाही, त्यांनी तो कुठून आणायचा? वनखात्याच्या जुन्या नोंदी चालतात का?

दाखल्याआधी एफआयआर करून घेतलेली कुणाची केस आहे का? एसीपींकडे लेखी अर्ज द्यावा की थेट विशेष न्यायालयात जावं? अनुसूचित जमातीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करणारच आहोत. साक्षीदार बायकांना कामं जायची भीती आहे, त्यामुळे कृपया सोसायटीचं नाव विचारू नका. अनुभवी वकील, कार्यकर्ते असतील तर इनबॉक्स करा.