पर्ल जॅमचा 'टेन': १९९१चा घुमारा खरा की २००९चा कोरडा आवाज?

जुनी_फीत (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात पुतण्यानं गाडीत 'ब्लॅक' लावलं. दुसऱ्या ओळीलाच मी म्हटलं, अरे, हे ते नाही. तो म्हणाला, काका, तेच आहे. गाणं तेच, गायक तोच, पण खोली बदलली होती. त्याच्या फोनवर २००९चं मिक्स होतं, म्हणजे त्याच मुद्रणातले गळा, गिटार, ड्रम नव्यानं जुळवलेलं. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतोय.

थोडी पार्श्वभूमी. 'टेन' हा पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम. सिअ‍ॅटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत निर्माते रिक पाराशर यांच्यासोबत मार्च-एप्रिल १९९१मध्ये ध्वनिमुद्रण झालं. जूनमध्ये इंग्लंडात, डॉर्किंगच्या रिज फार्म स्टुडिओत टिम पामरनं मिक्स केलं आणि २७ ऑगस्टला अल्बम बाजारात आला. पामरनं गळ्याभोवती, ड्रमभोवती, गिटारभोवती भरपूर रिव्हर्ब ठेवला, म्हणजे आपण ज्याला घुमारा म्हणतो तो. पुढे बँडमधल्यांनाच तो खटकू लागला. वाजवलेल्याला हात न लावता नुसता थोडा रिव्हर्ब काढून टाकायला आवडेल, असं बेसवादक जेफ अमेंट जाहीरपणे बोलून गेला होता. शेवटी २००९मध्ये निर्माता ब्रेंडन ओब्रायननं मूळ टेपांवरून सगळा अल्बम पुन्हा मिक्स केला.

माझं मत स्पष्ट आहे. पामरचा 'टेन' हाच 'टेन'.

कारण हा अल्बम मुळात सुतकात जन्मलाय. गिटारवादक स्टोन गॉसर्ड आणि अमेंट यांचा आधीचा बँड मदर लव्ह बोन. त्यांचा गायक अँड्र्यू वुड १९ मार्च १९९० रोजी हेरॉइनच्या अतिसेवनानं गेला. त्या बँडचा अल्बम तयार होता, तो त्याच्या माघारी बाहेर आला. जेमतेम वर्षभरानं हे दोघे 'टेन' मुद्रित करत होते. तिकडे सॅन दिएगोत पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या एडी व्हेडरच्या हातात त्यांच्या नुसत्या वाद्यांची कॅसेट पडली. त्यानं शब्द आणि गळा घालून ती परत पाठवली आणि तोच पर्ल जॅमचा गायक झाला. त्यालाही स्वतःचं एक मरण होतंच. ज्याला तो ओळखीचे गृहस्थ समजत होता तेच आपले वडील, हे त्याला ते गेल्यावर कळलं. 'अलाइव्ह' आणि 'रिलीज' ही दोन्ही गाणी त्यातून आली.

रिकाम्या घरात हाक मारली की ती भिंतींवरून परत येते. 'रिलीज'मध्ये मला तेच ऐकू येतं. नव्या मिक्समध्ये व्हेडर अगदी कानाशी येऊन गातो. पण त्या गाण्यात जवळ कुणीच नाही, हेच तर ते गाणं आहे.

तिसरी_घंटा

पूर्ण सहमत. 'ओशन्स' तर घुमाऱ्याशिवाय मला ऐकवत नाही.

काठी_आणि_कातडं

असहमत, आणि जरा सविस्तर. मी सोळा वर्षं ड्रम वाजवतोय, त्यामुळे माझा कान आधी तिकडे जातो.

'टेन'वरचा ड्रमर डेव्ह क्रुसन. ध्वनिमुद्रण संपलं आणि मे १९९१मध्ये तो दारूच्या उपचारासाठी बँड सोडून गेला. अल्बम गाजला, दौरे झाले, टीव्हीवर गर्दीत उड्या मारणारा बँड जगानं पाहिला, त्यात हा माणूस नव्हता. पर्ल जॅमसोबतचा त्याचा हा एकच स्टुडिओ अल्बम. म्हणजे त्याचं जे काही आहे ते या अकरा गाण्यांत आहे. आणि पामरच्या मिक्समध्ये ते धुक्यात गेलंय.

'पोर्च' हेडफोनवर ऐका. आधी जुनं, मग नवं. जुन्यात स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा ठोका पडतो आणि त्याची शेपटी पुढच्या ठोक्यावर येते. त्यामुळे मधले हलके ठोके, ज्यांनी तालाला झोका मिळतो, ते बुडून जातात. ओब्रायननं ती शेपटी कापली आणि पहिल्यांदा कळलं की क्रुसन केवढं बारीक काम करत होता. 'व्हाय गो'ची सुरुवात तशीच. अमेंटचा बेसही तेव्हाच नीट उमगला. 'जेरेमी'तला तो घंटेसारखा सूर बारा तारांच्या बेसचा आहे, हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं, मी गिटार समजत होतो.

सुतकाची कल्पना वाचायला हृद्य आहे. पण वाजवणाऱ्या माणसाचं काम झाकून मिळणारा भाव मला नको. २०१७मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला तेव्हा क्रुसनला सन्मानानं बोलावलं, आणि 'अलाइव्ह'ला तोच वाजवायला बसला. सव्वीस वर्षांनी. ते पाहताना मी रडलो होतो. त्या माणसाचे ठोके स्पष्ट ऐकू यावेत एवढंच मागतोय.

अनवट

एक गोष्ट आधी साफ करू, नाहीतर अर्धे लोक वेगळ्याच गोष्टीवर भांडतील. रिमिक्स म्हटलं की आपल्याकडे जुन्या गाण्याखाली नाचाचे ठोके सरकवणं डोळ्यांसमोर येतं. इथे तसं काही नाही. गळा, गिटार, ड्रम हे सगळं वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित असतं. त्यातलं काय पुढे, काय मागे, कशाला किती घुमारा, हे नव्यानं ठरवलं. रिमास्टर हा आणखी वेगळा प्रकार, त्यात तयार मिक्सला शेवटचा हात फिरवतात. २००९च्या संचात दोन्ही होतं. एका तबकडीवर पामरचंच मिक्स रिमास्टर करून, दुसरीवर ओब्रायनचं. म्हणजे जुनं कुणी पुसलं नाही.

आणि ओब्रायन हा काही आगंतुक नव्हे. १९९३चा 'व्हर्सेस', १९९४चा 'व्हायटॉलॉजी', सगळे त्याच्याच हाताखाली झाले. २००४च्या निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी त्यानं 'वन्स', 'अलाइव्ह' आणि 'ब्लॅक' आधीच नव्यानं मिक्स केली होती. तरी पूर्ण अल्बम करायला तो सुरुवातीला कचरत होता, असं त्यानंच सांगितलंय. लोकांचा जीव कशात गुंतलाय हे त्याला ठाऊक होतं.

मुळा_मुठेकाठी

माझ्या मते ही सगळी आठवण कॅसेटची आहे, मिक्सची नाही. आमच्या घरी टू-इन-वन होता, त्याला बेस म्हणून काही प्रकारच नव्हता. दोनदा-तीनदा एकमेकांकडून भरून घेतलेली कॅसेट, वरचा आवाज झिजलेला. त्यात रिव्हर्ब कुठला आणि हेड घाण झाल्याचा परिणाम कुठला, हे आज कोण सांगणार? जुनी_फीत, तुम्ही तेव्हा सतरा-अठराचे असाल. त्या वयात जे ऐकलं ते खरं, पुढचं सगळं खोटं, असंच प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटतं. पण तो अल्बमच्या बाजूचा पुरावा होत नाही.

जुनी_फीत

@मुळा_मुठेकाठी, कॅसेटचा मुद्दा मान्य. म्हणूनच काल मुद्दाम चांगल्या हेडफोनवर, रिमास्टर केलेलं जुनं मिक्स ऐकलं. झिजलेली फीत नाही, घाण हेड नाही. तरीही तो घुमारा तिथेच होता आणि तरीही माझं मत तेच.

@काठी_आणि_कातडं, क्रुसनबद्दल जे लिहिलंत ते वाचून गप्प झालो. याचं उत्तर माझ्याकडे लगेच नाही.

पण पामरनं नुसत्या खुंट्या फिरवल्या असं समजू नका. मदर लव्ह बोनचा तो शेवटचा अल्बमही त्यानंच मिक्स केला होता. म्हणजे वुडचा आवाज ज्यानं सावरला, त्याच्याच हाती हा आला. 'ओशन्स'मध्ये जो बारीक किणकिणाट आहे तो पामरचा. शेतावरच्या त्या स्टुडिओत त्यानं मिरपुडीची डबी आणि आग विझवायचं नळकांडं वापरून तो वाजवला. 'अलाइव्ह'चा शेवटचा गिटार सोलोही बँडच्या माइक मॅकक्रेडीनं तिथेच पूर्ण केला. जो माणूस अल्बममध्ये वाजवतोय, त्याचं मिक्स म्हणजे वरून लावलेला रंग कसा?

उंबराचं_फूल

मी नव्या बाजूनं, पण कारण वेगळं. १६ मार्च १९९२चा एमटीव्हीचा 'अनप्लग्ड' आठवा. छोटी जागा, लाकडी वाद्यं, घुमारा जवळजवळ नाहीच. त्यातलं 'ब्लॅक' ऐकताना घसा दाटतो की नाही? 'पोर्च'मध्ये व्हेडर स्टुलावर उभा राहून दंडावर मार्करनं गर्भपाताच्या हक्काची घोषणा लिहितो, ते अंगावर येतं की नाही? दुःखाला रिव्हर्ब लागतोच असं असतं तर तो कार्यक्रम कोरडा वाटला असता. मला तर मूळ 'ब्लॅक' आणि माझ्यामध्ये नेहमी एक काच असल्यासारखी वाटायची. २००९मध्ये ती गेली.

'ब्लॅक'वरून आणखी एक. कंपनीला ते स्वतंत्र सिंगल म्हणून काढायचं होतं, बँडनं नाही म्हटलं. गाणं फार खासगी आहे, त्याचा बाजार नको, हे व्हेडरचं म्हणणं. तरी रेडिओवाल्यांनी ते इतकं वाजवलं की रॉकच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. एवढी खासगी गोष्ट सांगणारा माणूस सभागृहाच्या टोकाला का उभा असावा?

दगड_धोंडे

तुम्ही सगळे एका गोष्टीला टाळताय. हा घुमारा दुःखाचा नव्हता, काळाचा होता. ऐंशीच्या दशकातल्या मोठ्या रॉकचा तो सरसकट आवाज होता, मैदानभर पसरणारा. 'टेन' त्याच वाटेनं आला. निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन पर्ल जॅमला धंदेवाईक म्हणाला ते उगाच नाही. तेराशे लोकांच्या नाही, तेरा लाखांच्या नाही, अमेरिकेत एक कोटी तीस लाख प्रतींच्या विक्रीचं प्रमाणपत्र आहे या अल्बमला. तो आवाज विकला गेला, म्हणून तो आपल्याला पवित्र वाटतो.

अनवट

@दगड_धोंडे, अर्धं बरोबर. पण कोबेनच्या स्वतःच्या 'नेव्हरमाइंड'चं काय? तोही त्याच वर्षीचा, २४ सप्टेंबरचा, महिनाभरानं आलेला. अँडी वॉलेसनं केलेल्या त्याच्या गुळगुळीत मिक्सबद्दल कोबेननंच नंतर नापसंती दाखवली आणि पुढच्या अल्बमला कच्च्या, कोरड्या आवाजासाठी ओळखल्या जाणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीकडे गेला. एकाच परिसरातले दोन बँड, दोघांनाही स्वतःच्या गाजलेल्या अल्बमची चकाकी खुपली. मग धंदेवाईक एकालाच का म्हणायचं?

शिवाय 'टेन' आल्या आल्या खपला नाही. अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचायला १९९२ उजाडलं. खपेल असा हिशेब कुणी मांडला असेल तर तो बराच उशिरा जुळला.

तिसरी_घंटा

मी वर एका ओळीत सहमत म्हणून गेले होते, आता थोडं लिहिते. 'अलाइव्ह'चं काय झालं ते बघा. व्हेडरच्या मनात ती तीन गाण्यांची गोष्ट होती: 'अलाइव्ह', 'वन्स' आणि 'फूटस्टेप्स'. मुलगा, त्याला कळलेलं बापाचं सत्य, मग त्याच्या हातून खून, मग तुरुंग. यातलं 'फूटस्टेप्स' अल्बमवर नाहीच, ते 'जेरेमी'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं. जिवंत राहणं हा त्या मुलाला शाप वाटतो. पण हजारो लोक मैदानात तीच ओळ हात वर करून आनंदानं गायला लागले, आणि त्यांनी शाप उतरवला, असं व्हेडरनंच पुढे सांगितलं.

म्हणजे गाण्याचा अर्थ ऐकणाऱ्यांनी बदलला आणि लिहिणाऱ्यानं तो मानला. मग मिक्सच्या बाबतीत तेवढा बँडचा शब्द शेवटचा कसा? ज्या आवाजात लोकांनी हे गाणं आपलं केलं, तो आवाज अमेंटला खटकतो म्हणून कमअस्सल ठरत नाही.

काठी_आणि_कातडं

@तिसरी_घंटा, हा मुद्दा भारी आहे. पण ऐकणाऱ्यांत मीही आलो ना? मी क्रुसनला ऐकून हा अल्बम आपला केला, आणि तो मला नव्या मिक्समध्येच भेटला.

@जुनी_फीत, एक मात्र कबूल करतो. काल रात्री 'रिलीज' दोन्ही मिक्समध्ये लागोपाठ ऐकलं. त्यात ड्रम उशिरा आणि संथ येतात, ठोके एकमेकांवर चढतच नाहीत. तिथे घुमाऱ्यानं माझं काही बुडत नाही. 'रिलीज'पुरता तुमच्या बाजूनं. 'पोर्च', 'व्हाय गो', 'वन्स', 'इव्हन फ्लो'ला अजिबात नाही.

जुनी_फीत

तुमच्या सांगण्यावरून 'पोर्च' तीनदा ऐकलं. ते हलके ठोके ऐकू आले. इतकी वर्षं हे माझ्या कानावरून गेलं, याची खंत वाटली. 'पोर्च' तुमचं.

'ब्लॅक' मात्र सोडत नाही. काल पुतण्याला जुनं मिक्स ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं, आणि मग विचारलं, काका, हा एवढ्या लांबून का गातोय? मी त्याला आधी मदर लव्ह बोन लावून दिलं आणि अँड्र्यू वुडचं सांगायला बसलो. अकरा वाजले जेवायला.

काठी_आणि_कातडं

पुढच्या वेळी आला की त्याला क्रुसनचंही सांगा. आणि २०१७चं ते 'अलाइव्ह' दाखवा, ड्रमकडे बघ म्हणावं.