स्तोत्र ८८ चे मनन: गाऱ्हाण्यानेच संपणारी प्रार्थना कशी करावी?

प्रश्न

सर्वांना सलाम. पावसाळ्यापासून आई अंथरुणाला खिळून आहे आणि रात्री तिच्या उशाशी बसून मी बायबलमधील स्तोत्रसंहिता, म्हणजे देवाला उद्देशून रचलेल्या गीतांचे पुस्तक, क्रमाने वाचत आहे. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी विश्वासाकडे किंवा स्तुतीकडे वळतात, त्यामुळे मनाला धीर येतो. पण ८८ व्या स्तोत्रापाशी मी अडले आहे. ते अंधारातच संपते. प्रार्थनासभेत मी त्याविषयी विचारले, तेव्हा विश्वासणाऱ्याने कुरकुर न करता उपकारस्तुती करावी, एवढेच मला सांगण्यात आले. देवाजवळ इतके स्पष्ट गाऱ्हाणे मांडणे हा अविश्वास आहे काय? आणि असे स्तोत्र वैयक्तिक मननात कसे घ्यावे?

प्रतिसाद १

ताई, हा अविश्वास नाही, असे मी ठामपणे म्हणेन. ८८ वे स्तोत्र पुन्हा वाचताना १, ९ आणि १३ या तीन वचनांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. पहिल्यात भक्त रात्रंदिवस आरोळी मारतो, नवव्यात तो दररोज हात पसरून धावा करतो आणि तेराव्यात, आधीच्या साऱ्या प्रश्नांना काहीही उत्तर मिळालेले नसताना, पहाटे पुन्हा प्रार्थना घेऊन देवासमोर येतो. शेवटच्या वचनात आप्त व सोबती दुरावले आहेत आणि अंधार उरला आहे. तरी ते वचनदेखील देवालाच उद्देशून आहे. ज्याने आपला त्याग केला असे वाटते, त्याच्याशीच हा माणूस बोलत राहतो. मला तरी यापेक्षा खडतर विश्वास ठाऊक नाही.

म्हणून या स्तोत्राला लगेच स्तुतीचे स्तोत्र जोडून वाचू नका. जेथे ते थांबते, तेथेच आपणही थांबावे.

प्रतिसाद २

वरील म्हणणे मला मान्य आहे, परंतु कुरकुरीविषयीचा इशाराही शास्त्रातलाच आहे, हे विसरता कामा नये. रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली आणि त्यांना शिक्षा झाली. मात्र १०६ व्या स्तोत्राच्या २५ व्या वचनात ती कुरकुर त्यांनी आपापल्या डेऱ्यांत केल्याचे म्हटले आहे. परमेश्वराची वाणी त्यांनी ऐकली नाही, आणि बायबलमधील गणना या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात तर ते दुसरा पुढारी नेमून मिसरात (इजिप्तमध्ये) परत जाण्याची भाषा करतात. देवाच्या पाठीमागे देवाविषयी बोलणे आणि देवाच्या तोंडावर देवाशी बोलणे यांत मोठे अंतर आहे. आपल्या प्रभू येशूनेही वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राचा आरंभीचा ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आक्रोश उच्चारला, तो थेट पित्याला हाक मारूनच.

प्रतिसाद ३

मननाच्या पद्धतीविषयी थोडे लिहितो. आरंभ १३ व्या स्तोत्रापासून करावा, कारण ते केवळ सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत विनंती आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. वहीच्या डाव्या पानावर स्तोत्र उतरवून घ्यावे आणि उजव्या पानावर, त्या त्या वचनासमोर, आपले गाऱ्हाणे आपल्या घरच्या बोलीत लिहावे. भरवशाच्या वचनासमोर काही सुचले नाही, तर ती जागा कोरी ठेवावी. तेथे ओढूनताणून आभार लिहू नयेत. त्यानंतर आसाफाचे ७७ वे स्तोत्र घ्यावे. त्यात झोप उडालेला माणूस देव दया करण्याचे विसरला काय, असे विचारतो आणि मग त्याची पूर्वीची कृत्ये आठवू लागतो. त्याची परिस्थिती बदलल्याचे मात्र त्यात कोठेही सांगितलेले नाही.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. डेऱ्यांतील कुरकुरीचा मुद्दा माझ्या ध्यानात कधीच आला नव्हता. आणखी एकच विचारते: आईला सर्व काही ऐकू येते, तर ८८ वे स्तोत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचावे काय?

प्रतिसाद १

ते तूर्त आपल्या एकांतासाठी ठेवा, ताई. त्यातील कबरेचे आणि मृतांचे उल्लेख आजारी माणसाला जड जाऊ शकतात. आईंसाठी ७१ वे स्तोत्र वाचा. ‘म्हातारपणी मला टाकू नकोस’ ही त्यातील नवव्या वचनाची विनवणी त्यांना स्वतःची म्हणून करता येईल. सावकाश वाचा आणि त्यांना सोबत म्हणावेसे वाटले, तर त्या ओळीपाशी थांबा. त्यांनी स्वतःहून अधिक कठोर शब्द मागितले, तर मात्र ८८ वे वाचायला कचरू नका.