‘साउथ पॅसिफिक’चा टीव्ही अवतार: घोडनवरी नेली

तिसरी घंटा
माळा आवरताना एक जुनी डीव्हीडी हाती लागली. ‘साउथ पॅसिफिक’, २००१ साली अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर आलेली टीव्ही फिल्म. पूर्वी अर्धी बघून ठेवून दिली होती. परवा नेटाने शेवटपर्यंत पाहिली. निराशा तीच, आता फक्त कारणं सांगता येतात.

मूळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: दुसरं महायुद्ध, प्रशांत महासागरातलं बेट, अमेरिकन नौदलाचा तळ. आर्कान्सातल्या लिटल रॉकची नर्स नेली एमिल या फ्रेंच मळेवाल्याच्या प्रेमात पडते. मग कळतं, त्याची वारलेली बायको पॉलिनेशियन होती आणि घरात तिची दोन मुलं आहेत. बाईसाहेब मागे सरतात. दुसरीकडे लेफ्टनंट केबल आणि लिआट ही टोंकिनी, म्हणजे व्हिएतनामच्या उत्तरेकडची मुलगी. तिथेही रंगच आडवा येतो. अमेरिकन लेखक जेम्स मिचनरच्या कथांवरून रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी हे संगीत नाटक रचलं, १९४९ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं, नाटकासाठीचं १९५० चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

टीव्हीवर नेली कोण, तर ग्लेन क्लोज. वय ५४. अभिनेत्री थोर, वाद नाही. पण नेली म्हणजे पहिल्यांदा घराबाहेर पडलेली पोर. गावाने जे डोक्यात भरलं ते घेऊन आलेली, म्हणूनच ते निघेल अशी आशा आपल्याला वाटते. इथे बोहल्यावर घोडनवरी उभी केली आहे. ५४ वर्षं मुरलेलं लोणचं दोन गाण्यांत धुऊन निघतं होय?

पेटीवाला
वयापेक्षा गळ्याचं बोला. १९४९ चा एमिल होता एत्सिओ पिंझा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा खर्जातला गायक. त्याच्यासमोर नेली झालेली मेरी मार्टिन दबून जाऊ नये म्हणून दोघांना जवळजवळ एकत्र गायलाच लावलं नाही. सुरुवातीच्या प्रवेशात दोघं आळीपाळीने स्वतःशीच गातात, आणि ज्या क्षणी दोघांनी मिळून गावं असं वाटतं तिथे नुसता ऑर्केस्ट्रा उसळतो, ही दोघं ब्रँडीचे पेले हातात घेऊन गप्प. अडचणीतून काढलेली जागा, पण काय जागा! टीव्हीतला एमिल झालेल्या शेर्बेजियाचा चेहरा उत्तम आहे. गाणं सुरू झालं की मात्र कविता वाचल्यासारखं वाटतं.

चिंचगूळ
पेटीवाले, मान्य. तिसरी घंटा, ‘घोडनवरी’ शब्द आधी मागे घ्या.

आता हिशोब करू. १९४९ मध्ये मार्टिन ३५, पिंझा ५६. १९५८ च्या चित्रपटात नेली झालेली मिट्झी गेनर २६, एमिल झालेला ब्रात्सी ४१. तेव्हा कोणी बोटं मोजली नाहीत. २००१ मध्ये नायक-नायिका दोघंही ५४ ची, पहिल्यांदाच बरोबरीची, आणि लगेच लोणचं आठवलं?

आणि तुमच्याकडे पन्नाशी उलटलेले बालगंधर्व लुगडं नेसून उभे राहिले की टाळ्या. तिथे नाही कोणी जन्मदाखला मागत.

तिसरी घंटा
बालगंधर्वांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. रंगभूमीवर अंतर असतं, आणि स्वर लागला की डोळे मिटतात. तेच बालगंधर्व १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’त कॅमेऱ्यासमोर मीरा झाले, तर पडद्यावर जमलं नाही. कॅमेरा मेला जवळ जाऊन बघतो.

नाक्यावरची वही
१९५८ च्या चित्रपटाची आरती ओवाळण्याआधी त्यातले पिवळे-जांभळे फिल्टर आठवा. गाणं सुरू झालं की सगळ्यांना कावीळ. त्याबद्दल खुद्द दिग्दर्शक जोशुआ लोगन नंतर हळहळला. शिवाय ब्रात्सी गात नव्हताच, आवाज जॉर्जिओ टोझीचा. ब्लडी मेरी, म्हणजे लिआटची आई झालेली हुआनिटा हॉल रंगमंचावर स्वतः गायली होती, चित्रपटात तिलाही दुसरीचा आवाज दिला. टीव्हीवाल्यांनी निदान शेवटी युद्ध दाखवलं, आणि गोऱ्या-काळ्या सैनिकांच्या वेगळ्या तुकड्याही. नाहीतर १९५८ चं बेट म्हणजे सहलीची जागा.

तिसरी घंटा
तुकड्यांचा मुद्दा चांगला आहे, माझ्या नजरेतून सुटला होता. पण मग ‘हॅपी टॉक’ का कापलं? वरवर बागडणारं गाणं, आणि त्याच्याआड एक आई आपली मुलगी गोऱ्या अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधायला बघते आहे. ही टोंकिनी माणसं, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या उत्तर भागातून फ्रेंच मळ्यांवर करारावर आणलेले मजूर. त्या आईला बेटावरून सुटायचा दुसरा रस्ता कुठला? गाणं काढलं आणि तिचं सगळं गणित गेलं. उरलं केबल-लिआटचं लाडंलाडं.

चिंचगूळ
ते चुकलंच. पण द्वेष जन्मतः नसतो, लहानपणी नीट शिकवावा लागतो, हे सांगणारं केबलचं गाणं ठेवलंय ना? १९५३ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या आमदारांना त्या गाण्यात मॉस्कोचा, म्हणजे कम्युनिस्टांचा हात दिसला होता. नाटकाचा कणा तो आहे.

आणि वयाचं म्हणाल तर, माझी आत्या जातीबाहेरच्या सुनेच्या हातचा चहा पहिल्यांदा प्यायली ती ६२ व्या वर्षी. विशीतल्या पोरीने मत बदललं तर त्यात काय मोठंसं? मुरलेलं माणूस हललं तरच बघण्यासारखं.

तिसरी घंटा
सून घरात येऊन किती वर्षं झाली होती?

चिंचगूळ
अकरा.

तिसरी घंटा
बघा, अकरा! नेलीला मिळतात जेमतेम दोन-अडीच तास.

चिंचगूळ
अकरा वर्षांत काहीच झालं नव्हतं हो. नातू आयसीयूत होता, त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर सुनेने पेला पुढे केला आणि आत्याने घेतला. एवढंच. एमिल शत्रूच्या बेटावर गेलाय, जिवंत आहे की नाही कळत नाही, तेव्हाच नेली त्या मुलांजवळ जाऊन बसते ना? तो प्रवेश क्लोजच्या चेहऱ्यावर परत बघा. गाणी बंद करून बघितलात तरी चालेल.

पेटीवाला
गाणी बंद करूनच बरा दिसेल.

तिसरी घंटा
तो प्रवेश आत्ता परत पाहिला. बरं. घोडनवरी मागे घेतो. शीर्षक मला बदलता येत नाही, संपादकांनी कृपया बदलावं. ‘हॅपी टॉक’चं मात्र मागे घेणार नाही.