मदत हवी आहे: डीलरने गाडीत लपवलेला ट्रॅकर (गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र) काढायचाय, स्टार्टरची वायर कशी जोडावी?

गाडी अमेरिकेतली, 'बाय हिअर पे हिअर' डीलरची, म्हणजे गाडीसाठी कर्जही तोच देतो आणि हप्तेही तोच घेतो. कर्ज फिटलंय, टायटल (मालकीचा कागद) हातात आहे. स्टिअरिंग कॉलमखाली काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली डबी सापडली: लाल वायर सतत १२ व्होल्टवर, काळी अर्थला, पांढरी इग्निशनला. सोबत स्टार्टरचा प्रवाह तोडून गाडी सुरू होऊ न देणारा रिले (विजेवर चालणारा स्विच). गाडी बंद करून तासाभरानेही ९० मिलिअँपिअर खेचले जातात (५० च्या आत हवेत). डबीचा फ्यूज काढला की ३०. म्हणजे बॅटरी हीच खातेय.

खरी अडचण रिलेची. त्यासाठी मूळ स्टार्टर वायर कापलीय, रिले नुसता उपटला तर स्टार्टर इंजिन फिरवणारच नाही. टोकं सोल्डर करून हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) लावावं की क्रिम्प (दाबून बसवायचा) कनेक्टर टिकेल? शेजारीच एअरबॅगची पिवळी वायर आहे, ती चुकून फुटू नये म्हणून बॅटरीची निगेटिव्ह काढून किती वेळ थांबावं? स्वतःच्या बॅटरीवर चालणारा दुसरा ट्रॅकरही लपवलेला असेल तर तो कुठे शोधावा?